दुसऱ्या फोनची बाजू

मंगळवार, ३ मार्च

दुरुस्ती. गुरुवारच्या नोंदीत मी लिहिलं आहे, ‘फोन हातातून निसटून चष्मे धुण्याच्या यंत्रात पडला.’ हे बरोबर नाही. फोन माझ्या हातात नव्हताच, यंत्राच्या कडेवर ठेवलेला होता. यंत्र चालू असलं की आतलं पाणी बारीक थरथरतं आणि कडेवरची वस्तूही केसाकेसाने सरकत जाते. फोन सरकत होता आणि मी ते पाहत होते. मनात चारपर्यंत आकडे मोजून होतील, एवढा वेळ. दोन्ही हात मोकळे होते. मी हात पुढे केला नाही.

का केला नाही ते सांगता येत नाही. दमले असेन. घडलं तेवढंच लिहायचं आणि कारण माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ असं लिहायचं, हा बाबांचा नियम. तर, माहीत नाही.

गुरुवारची ओळ मी पुसलेली नाही. अकराव्या वर्षापर्यंत मला बाबांनी घरीच शिकवलं. छातीचं दुखणं होतं, शाळेच्या जिन्यात धाप लागायची, म्हणून. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं की चुकलेलं खोडरबराने पुसायचं नाही आणि गिरवायचंही नाही. एकच आडवी रेघ मारायची, खाली काय होतं ते वाचता आलं पाहिजे. दुसरा नियम असा की अनोळखी माणसाने वही उघडली तरी त्याला सगळं कळलं पाहिजे. तेव्हा ते दर शनिवारी माझी वही तपासत आणि हिरव्या शाईने शेरा लिहीत. आता पंधरा वर्षं ते ती उघडत नाहीत. मी तशीच लिहिते.

फोन चार दिवस तांदळाच्या डब्यात ठेवून पाहिला. सुरू झाला नाही. आई म्हणाली, “फोन गेला तो गेला, तांदळालाही आता चष्म्याच्या साबणाचा वास येतोय.” तात्पुरता म्हणून, मी काम करते त्या चष्म्याच्या दुकानाच्या मालकीणबाईंनी मला बटणांचा एक जुना फोन दिला आहे. त्यावर बोलता येतं, बाकी काही नाही.

नवीन घ्यायचा तर वरच्या दर्जाचा, रोजच्या वापरात पाच-सहा वर्षं सहज निघतील असा घ्यायचा, असं घरात ठरलं. दोन फोन समोर आहेत. एक, आमच्या घरात सगळे वापरतात त्या कंपनीचा. एक, दुसऱ्या कंपनीचा. घरात त्यांना ‘आपला’ आणि ‘दुसरा’ म्हणतात. ही नावं मी ठेवलेली नाहीत.

गुरुवार, ५ मार्च

संध्याकाळी दादाबरोबर फोनच्या दुकानात गेले. मी बरोबर दोन्ही फोनच्या तुलनेचा तक्ता नेला होता, चष्म्याच्या फ्रेमा तोलायचा आमचा छोटा काटा नेला होता आणि एक ओरखडा पडलेली काच नेली होती. विक्री करणारी मुलगी काट्याकडे बघत राहिली.

“रोजच्या वापरालाच हवा ना? दोन्ही छान आहेत.”

“रोजचा वापर म्हणजे तुम्ही काय काय धरता?” मी विचारलं.

“ताई, तुम्ही बसून घ्या,” दादा तिला म्हणाला. “हिला वेळ लागेल. जन्माला यायलाही हिने बारा दिवस उशीर केला होता. बाहेर खरंच जग आहे का, याची खात्री करत होती.”

आपला दोनशे सहा ग्रॅम, दुसरा एकशे एकोणसत्तर. आपल्याचा पडदा दाराशी उन्हात नेला तरी नीट वाचता येतो, दुसऱ्याचा जरा फिका पडतो. मी एक तपकिरी फ्रेमही नेली होती. आपल्यात तिचा रंग जसा आहे तसा येतो, दुसऱ्यात थोडा लालसर. पण काचेवरचा ओरखडा आणि काच कोणत्या कंपनीची ते सांगणारी, कडेला कोरलेली मुंगीएवढी खूण दुसऱ्याच्या कॅमेऱ्यात स्वच्छ दिसते. आपल्यात ती वाचायला दोनदा मागे-पुढे व्हावं लागतं. माझ्या कामाला खूण वाचणं महत्त्वाचं. दुसरा माझ्या हातात मावतो, अंगठा वरच्या कोपऱ्यापर्यंत जातो. चार्जिंग दुसऱ्याचं लवकर होतं, बॅटरी आपल्याची जास्त टिकते. नवीन सुधारणा दोन्हींना सारखीच वर्षं मिळणार आहेत.

“घरी सगळ्यांकडे याच कंपनीचे असतील तर एकमेकांचं लोकेशन आपोआप दिसतं,” ती मुलगी आपल्यावर बोट ठेवून म्हणाली. “दुसरा घेतला तरी जमतं, पण मग सगळ्यांना वेगळं ॲप टाकावं लागेल.”

“बाबा नवीन ॲप टाकणार नाहीत,” दादा म्हणाला. “आहे तेच शिकवायला मला सहा रविवार लागले.”

ते ‘आहे तेच’ म्हणजे घरचा नकाशा. बाबांच्या फोनवर आम्ही चौघं चार ठिपके दिसतो. बाबा पूर्वी जमिनीच्या मोजणीचे नकाशे काढायचे, आता निवृत्त आहेत. त्यांना हा नकाशा फार आवडतो. मी बस चुकवली तर घरी पोचायच्या आत त्यांना कळलेलं असतं. सध्या तीनच ठिपके आहेत.

मी तक्त्यात ‘नकाशा’ असा एक रकाना घातला आणि दोन्हीकडे कोरा ठेवला.

एकूण पाहता मला दुसरा हवा आहे. कारणं दोन, वजन आणि खूण वाचणं.

शनिवार, ७ मार्च

आज कागद लिहिला. अनोळखी माणसासाठी सांगते. आमच्या घरात कोणतीही मोठी वस्तू घ्यायची तर रविवारी सकाळी साडेनऊला बैठक होते. त्याआधी दोन बाजूंचे दोन कागद शनिवारी दिवे लागायच्या आत फ्रिजवर लावायचे. ज्याला जे हवं असेल त्याने त्याच्या उलट बाजूचा कागद लिहायचा, आणि तो पूर्ण ताकदीने लिहायचा. समोरच्याची बाजू त्याच्यापेक्षा चांगली मांडता आली, तरच आपल्याला आपली बाजू समजली आहे, असं बाबा म्हणतात. मी नऊ वर्षांची असताना, सूर्य पृथ्वीभोवती फिरतो, या बाजूने चार पानं लिहिली होती आणि दादाला पटवलं होतं. त्याला दोन दिवस खरंच तसं वाटत होतं.

मला दुसरा हवा, म्हणून मी आपल्याचा कागद लिहिला. बाबांना आपला हवा, म्हणून त्यांनी दुसऱ्याचा.

उन्हातला पडदा, बॅटरी, खरा रंग, हे लिहायला सोपं होतं. नकाशावर आल्यावर थांबले. कमी लिहिलं असतं तर ती लबाडी झाली असती, म्हणून सगळं लिहिलं. आई माझा ठिपका कोपऱ्यावर वळला की चहाचं आधण ठेवते, त्यामुळे मी दारात येते तेव्हा चहा तयार असतो, हे लिहिलं. मला धाप लागायची त्या दिवसांत बाबा शेजारच्या खोलीत बसून माझा श्वास ऐकत काम करायचे, हेही लिहिलं. शेवटी लिहिलं, ‘घरातलं माणूस कुठे आहे हे न विचारता कळणं ही नुसती सोय नाही, ती सोबत आहे.’

वाक्य चांगलं झालं. परत वाचताना ते दुसऱ्या कोणाचं वाटलं.

रविवार, ८ मार्च

बैठक झाली. आधी बाबांनी माझा कागद वाचला, मोठ्याने. आवाज शेवटच्या ओळीपर्यंत सारखा होता. मग चष्मा काढून त्यांनी तो पुसला. काच स्वच्छच होती, काल मीच धुतली होती.

मग मी बाबांचा कागद वाचला. वजन, खूण, अंगठा, चार्जिंग, सगळं मुद्देसूद. माझ्या तक्त्यात नसलेला एक मुद्दाही त्यांनी शोधला होता. दुसऱ्याला पाठीवर धरायला खरबरीतपणा आहे, तो यंत्राच्या कडेवर ठेवला तर सहजासहजी सरकणार नाही. शेवटी मात्र एक ओळ होती, ती पूर्ण गिरवून टाकलेली. वरून, खालून, आडवी, उभी. कागद तिथे भोकापर्यंत आला होता. बाबा असं कधी करत नाहीत. मी वाचताना तिथे थांबले.

“हे काय आहे?”

“ते धरू नकोस,” बाबा म्हणाले. “मुद्दा नव्हता तो.”

“पण आडवी रेघ...”

“पेन गळत होतं. पुढे चल.”

दुकानात मोठं भिंग आहे आणि खालून उजेड देणारी काचही आहे. तिथे नेऊन वाचता आली असती. पण ती ओळ बाबांची आहे. दुसऱ्याने मागे घेतलेला मुद्दा उकरायचा नसतो. कागद मी फ्रिजवर परत लावला.

मत घेतलं. आई म्हणाली, “मला तर दोन्ही सारखेच काळे दिसतात. पण हिने जे लिहिलंय ना सोबतीचं, ते मला पटलं. आपलाच घ्या.” दादा म्हणाला, “आपला.” बाबा म्हणाले, “आपला. पण लिहिणारीचं मत मोकळं आहे, हे लक्षात ठेव. स्वतःच्या कागदाविरुद्ध मत देता येतं.”

मी माझ्या कागदाला उत्तर शोधत होते. सदतीस ग्रॅम हे सोबतीला उत्तर होत नाही. मी म्हणाले, “आपला.”

एकमताने ठरलं. आईला हवा तो निळा रंग दुकानात नाही, सोमवारी तेवीस तारखेला येणार आहे. तोवर बटणांचा फोन.

“स्वतःविरुद्ध केस लढून जिंकलेली पहिली वकील,” दादा जिन्यात म्हणाला.

बुधवार, ११ मार्च

आज एक आजोबा आले होते. दोन भिंगं आलटून पालटून धरायची आणि विचारायचं, “हे स्पष्ट की हे?” दिवसातून मी हे दोनशे वेळा विचारते. आजोबा दर वेळी “दुसरं” म्हणत होते. मी गुपचूप तेच भिंग दोनदा धरलं, तरी म्हणाले, “दुसरं.” मालकीणबाईंनीच शिकवलं आहे हे. पुष्कळ लोकांना दिसतं काय ते सांगायचं नसतं, आपण खूश व्हावं एवढंच असतं. म्हणून तेच भिंग दोनदा दाखवायचं.

जेवणाच्या सुट्टीत काचकाका विचारत होते. ते आमच्याकडे काचा घासून फ्रेमच्या मापाला बसवतात. साठी उलटली आहे, सगळ्यांना ‘बाळा’ म्हणतात, मालकीणबाईंनासुद्धा.

“काय बाळा, फोन ठरला म्हणे.”

“हो. एकमताने.”

“तुला हवा होता तो?”

“एकमताने ठरला, काका.”

“ते ऐकलं मी. भिंग बदलून परत विचारतो. तुला हवा होता तो?”

मी म्हणाले, डबा संपवते, एक पासष्टचं गिऱ्हाईक यायचं आहे. म्हणजे एक वाजून पासष्ट मिनिटांनी. काका तेवढ्यावर दहा मिनिटं हसले. मला म्हणायचं होतं दोन वाजून पाच.

आता एक गोष्ट लिहायची राहिली आहे. ती रोजच राहत गेली. जुना फोन बिघडल्यापासून मी दुकानातून निघून थेट घरी जात नाही. बस पकडायच्या आधी किल्ल्या करून देणाऱ्याच्या टपरीसमोर एक बाक आहे, तिथे बसते. पहिल्या दिवशी सहा मिनिटं बसले. काल अठ्ठावीस. तिथे बघण्यासारखं काही नाही. तो माणूस किल्ली घासतो, फुंकर मारतो, कुलपात घालून फिरवतो, पुन्हा घासतो. मी कोणाची वाट बघत नाही. पुस्तक नेत नाही. त्या वेळात मला कोणाला काही सांगायचं नसतं, आणि सांगायचं आहे म्हणून काही लक्षातही ठेवावं लागत नाही.

घरी गेल्यावर आई विचारते, “आज उशीर?” मी म्हणते, “हो, उशीर झाला.” वाक्यात खोटं काही नाही. पण ‘फोन हातातून निसटला’ हे त्या पहिल्या नोंदीतलं वाक्यही ऐकायला तसंच होतं.

शुक्रवार, १३ मार्च

सव्वासहाला बाकावर बसले होते. समोरून दादा आला. खांद्यावर पिशवी, केस ओले, शीळ घालत. मला पाहून शीळ थांबली.

“तू इथे काय करतेस?”

“बसले आहे. तू?”

“मी चाललोय.”

मग तो शेजारी बसला. पिशवीतून ओल्या टॉवेलचा वास येत होता. म्हणाला, आठवड्यातून तीन दिवस तो पोहायला जातो. दीड वर्ष झालं.

“पण तुझा ठिपका तर रोज सातपर्यंत कचेरीत असतो.”

“असतो ना. ठिपका माझा मन लावून काम करतो. त्याला यंदा बढतीसुद्धा मिळेल.” मग त्याने समजावलं. त्याचा आपला फोन कचेरीतल्या ड्रॉवरमध्ये असतो आणि खिशात असतो तो कचेरीने दिलेला दुसरा. घरून फोन आला तर तो आपोआप इकडे वळतो. “सोपं आहे. तुला नवीन आपला मिळेल ना, तो दुकानात ठेवायचा. माझा जुना देतो तुला. जिथे बसायचं तिथे बस.”

“पण पोहण्यात लपवण्यासारखं काय आहे? बाबा नाही थोडेच म्हणतील.”

“नाही म्हणणार नाहीत. विचारतील, किती फेऱ्या? मग म्हणतील, काल किती होत्या? मग एक तक्ता होईल. छान तक्ता होईल, रंगीत. आणि मग मी पोहायला जाणं बंद करेन.”

हे मला पटलं, आणि पटलं याचं वाईट वाटलं.

“हे खोटं आहे, दादा.”

“खोटं मी बोललोच नाहीये. ठिपका बोलतो.” मग पिशवी उचलत म्हणाला, “तू बाबांची आवडती विद्यार्थिनी. तुला नाही जमायचं. मी आपला शाळेत शिकलो.”

घरी तो माझ्यानंतर अर्ध्या तासाने आला, केस वाळवून. त्याआधी बाबा फोन हातात धरून म्हणाले होते, “पोरगं अजून कचेरीत. फार राबवून घेतात.” माझ्यासमोर पाण्याचा पेला होता. मी तो उचलला आणि संपेपर्यंत खाली ठेवला नाही.

दादाचं मी सांगणार नाही. त्याची चूक त्याच्या वहीतली. माझ्या वहीत मी फक्त माझ्यावर रेघ मारू शकते.

झोपायला जाताना त्याने त्याचा जुना फोन माझ्या टेबलावर ठेवला आहे, मोज्यात घालून. चार्जरसकट.

मंगळवार, १७ मार्च

आई मटार सोलत होती, मी समोर बसले. सोलण्यात मी हळू आहे, प्रत्येक दाणा बघते.

मी सहज म्हणाले, “नवीन फोन आला की तुला बरं पडेल. पंधरा-वीस दिवस अंदाजानेच चहा ठेवते आहेस.”

“अंदाजाने कशाला?”

“ठिपका नाही ना माझा.”

“अगं, मला कुठे येतो तो नकाशा उघडायला? मी कधी बघितलाच नाही.” आईने शेंग फोडली. “तुझी फाटकाची कडी वाजते. तू एकदा लावतेस, मग लागली का बघायला परत वाजवतेस. घरात दुसरं कोणी असं करत नाही. तू चपला काढून हात धुऊन येईपर्यंत आधण येतं.”

“पण मी कागदात लिहिलं होतं. तू ऐकलंस. बोलली का नाहीस?”

“एवढं छान लिहिलं होतंस. बाबा ऐकत होते. मध्येच काय बोलायचं, मी कडी ऐकते म्हणून?”

म्हणजे माझ्या कागदात एक विधान चुकीचं होतं, आणि त्यावर मतदान झालं. मी विचारलं, मग बाबा तरी खरंच बघतात का?

“बघतात की. तुझे बाबाच बघतात.”

“आता काय बघतात? माझा ठिपकाच नाही.”

“आहे ना. शेवटचा कुठे होता तो दिसतो म्हणे, फिकट. दुकानाशी. तोच बघतात.” आईने सालं गोळा केली. “मी म्हटलं, अहो, त्या दिवसापासून ती दहा वेळा घरी जेवली. म्हणाले, माहीत आहे. तरी दुपारी एकदा उघडतात. तू लहान असताना रात्री उठून उठून छाती बघायचे तुझी, वर-खाली होते का. त्यातलंच असेल. तू दाणे बघत बसू नकोस, सगळे चांगले आहेत.”

गुरुवार, १९ मार्च

दोन दिवस विचार केला. कामात एक चूक झाली. एका बाईंच्या बुबुळांमधलं अंतर बासष्ट लिहायचं ते सव्वीस लिहिलं. काचकाकांनी पकडलं. “बाळा, ही बाई मासा नाही ना?” म्हणाले.

कागदात चुकीचं विधान सापडलं तर निर्णय पुन्हा बैठकीत आणता येतो, हा आमचा नियम आहे. पूर्वी एकदा कपाटाच्या उंचीवरून तसं झालं होतं. म्हणजे रविवारी मी उठून एवढंच म्हणू शकते की चहाचा मुद्दा गैरलागू आहे. मग वजन आणि खूण परत तोलायची. दादा कंटाळून माझ्या बाजूने मत देईल, आई देईल, कदाचित दुसरा फोन मिळेलही. आणि बाबा वेगळं ॲप टाकायचे नाहीत, तेव्हा प्रश्न न विचारता सुटेल.

हे लिहून पाहिल्यावर कळलं की हाही मोज्यातलाच फोन आहे, फक्त नियमाने गुंडाळलेला.

तेव्हा दुरुस्ती, ५ मार्चच्या नोंदीला. मी लिहिलं आहे, ‘कारणं दोन, वजन आणि खूण वाचणं.’ ही कारणं खरी आहेत, पण त्यांच्यासाठी मला दुसरा फोन नको होता. दोन ओळींवर एकेक आडवी रेघ मारली आहे. खालचं वाचता येतं. कारण असं आहे की मला रोज थोडा वेळ कोणाला दिसायचं नाही. घरच्यांनाही नाही. घरच्यांवर राग नाही, लपवण्यासारखं काही करतही नाही. फोन कुठलाही चालेल. आपलाही चालेल, पडदा चांगला आहे. ठिपका नको.

आणि ३ मार्चच्या नोंदीला. तिथे ‘माहीत नाही’ लिहिलं आहे. तेव्हा ते खरं होतं. आता नाही.

दादाचा जुना फोन आज सकाळी त्याच्या खोलीत ठेवून आले. त्याने मोजा परत मागितला नाही.

बाबांना वाईट वाटेल. किती वाटेल हे मला मोजता येत नाही, आणि मोजता येत नाही म्हणून भीती वाटते. ते नाही म्हणणार नाहीत. फोन बंद करून खिशात ठेवतील, आणि दुपारी एकदा त्यांचा हात खिशाकडे जाईल. हे मला दिसणार नाही, पण होत असणार. हा खर्च माझ्या बाजूचा आहे आणि तो कागदावर आला पाहिजे.

अडचण आणखी एक आहे. ठिपका नको, ही बाजू मला हवी असलेली आहे, म्हणून नियमाप्रमाणे तिचा कागद मला लिहिता येणार नाही. जो विरोधात असेल त्यानेच तो लिहायचा, पूर्ण ताकदीने. म्हणजे बाबांनी. आणि त्यांना लिहायचा तर आधी ती बाजू माहीत असायला हवी. ती त्यांना माहीत असण्याचं काही कारण नाही, मी आजवर कोणालाच सांगितलेली नाही. बैठकीत सगळ्यांसमोर पहिल्यांदा ऐकायला लावणं बरं नाही. आधी सांगायला हवं, एकट्यांना, तोंडाने, आणि लिहायला पुरेसा वेळ राहील असं.

उद्या सांगता येणार नाही. उद्या ते मोजणीखात्यातल्या जुन्या मित्राकडे जातात आणि येतात तेव्हा दमलेले असतात. परवा दुकान दोनला बंद होतं. पावणेतीनला मी घरी पोचेन, हात धुईन. बाबा दुपारची झोप आटोपून तीनला टेबलाशी बसतात. दिवे लागायला तेव्हा साडेतीन तास असतील, एक कागद लिहायला त्यांना दोन लागतात.

बाबांना सांगायची वेळ: शनिवार, २१ मार्च, दुपारी तीन.